हिवाळी चहा प्रोजेक्ट : गवती चहा, सुंठ आणि दादांचं बीपी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या हिवाळ्यात पण हे सगळं केलं होतं, एकदा तर इतकं भारी जमलं होतं की बायकोने दुसरा कप मागून घेतला, पण त्यात काय किती टाकलं होतं ते कुणालाच आठवत नाही आणि परत तसं कधी झालंच नाही.

कारण साधं आहे. दिवसाला माझे पाच चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, चौथ्यानंतर ॲसिडिटी ठरलेली. नाशिकला थंडी पडली, पेपरात निफाडचा पारा छापून यायला लागला की पाचाचे सात होतात. चहा सोडणार नाहीये, उगाच खोटं कशाला लिहू. सकाळचा पहिला आणि दुपारी चारचा राहणार. बाकीचे बंद, त्यांच्या जागी घरातलंच काहीतरी गरम, चहापत्ती नाही, साखर शक्यतो नाही, आणि घरातल्या पाचही जणांना (आई, दादा, बायको, लेक आणि मी) चालेल असं.

पहिली बॅच आज झाली. मसाल्याच्या डब्यात आणि गच्चीवर जे जे सापडलं ते घेतलं, म्हणजे आलं, तुळस, गवती चहा, पुदिना, दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडा, ओवा, हळद, ज्येष्ठमध. मोजले तर अकरा जिन्नस. लिटरभर पाण्यात टाकून वीस मिनिटं खळखळा उकळलं. रंग डबक्यासारखा. लेकीने एक घोट घेतला आणि म्हणाली पप्पा हे खोकल्याचं औषध आहे, मला खोकला नाहीये. दादांनी कप न बोलता कुंडीत ओतला. आणि आई चवीबद्दल काहीच बोलली नाही, ती वेगळ्याच कारणाने चिडली होती, रविवारी तुळस तोडलीस?

१३ नोव्हेंबर, बुधवार

डोकं ठणकतंय. कालपासूनच. चहा कमी केला की हे होतं, कॅफिनची सवय मोडताना पहिले काही दिवस डोकं धरतं, पुढे आपोआप जातं. डोकेदुखीची गोळी घेतली नाही, दुपारचा चहा अर्ध्या तासाने अलीकडे ओढला, तेवढं चालतं.

तुळशीचा तह झाला. आजपासून तुळशीची लग्नं, त्यात आज द्वादशी, म्हणजे पानाला हात लावायचा नाही. रविवारी नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर अजिबातच नाही. मी आईला म्हटलं मग मी रात्रीच्या चहाला काय करू, तर ती म्हणाली सकाळी आंघोळ करून तोडून ठेव की, तुळस काय पळून जाते का. शेवटी असं ठरलं की वृंदावनातली तुळस पूजेची, आणि मंजिऱ्यांमधून गच्चीत आपोआप उगवलेली तीन रोपं वेगळ्या कुंडीत लावायची, ती चहाची. तीन रोपांपैकी दोन हिरव्या पानांची आणि एक काळपट जांभळट, कृष्णतुळस. तिचा तिखटपणा जास्त लागतो, लवंगेची आठवण होते. दोघींमध्ये युजेनॉल असतं, लवंगेचा जो वास आहे तो त्याचाच, त्यामुळे तुळस आणि लवंग दोन्ही टाकली की एकच गोष्ट दोनदा टाकल्यासारखं होतं. म्हणून लवंग कट. अकराचे दहा झाले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज नुसत्या गवती चहाची टेस्ट, बाकी काही नाही. तुळशीला सुट्टीच आहे.

मुंबईची मावशी याला पातीचहा म्हणते, तिच्याकडे भाजीवाला पुदिन्याबरोबर जुडी बांधून देतो. आमच्याकडे गच्चीत थर्माकोलच्या खोक्यात मोठा ठोंब आहे, पावसाळ्यात जंगल होतं आणि थंडीत वाढ थांबते, म्हणून नोव्हेंबरात जेवढं मिळतं तेवढं काढून सावलीत वाळवून ठेवावं लागतं. पात खालून वर नुसत्या हाताने ओढायची नाही, कडा ब्लेडसारख्या असतात, माझ्या अंगठ्याला आजच चीर पडली. कात्रीने जमिनीपासून वीतभर सोडून कापायची, म्हणजे परत फुटतं.

तीन पातेली घेतली, प्रत्येकात दोन कप पाणी आणि चार पाती. पहिलं झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळलं. दुसरं झाकण ठेवून दहा मिनिटं उकळलं. तिसऱ्यात फक्त पाणी उकळलं, गॅस बंद केला, मग पात टाकून झाकण, सात मिनिटं.

पहिल्याच्या वेळी बायको बाहेरून आत आली आणि म्हणाली काय मस्त वास सुटलाय, आणि मी तो कप प्यायलो तर ओल्या गवताचं पाणी. वास सगळा किचनमध्ये, कपात काही नाही. दुसरा जरा बरा पण मागून तुरट. तिसरा म्हणजे लिंबाच्या सालीसारखा एकदम स्वच्छ, रंग फिकट पोपटी, लेकीने पूर्ण संपवला. लिंबासारखा वास ज्याच्यामुळे येतो ते सिट्रल हवेत उडून जाणारं तेल आहे, उकळत ठेवलं की वाफेबरोबर निघून जातं, एवढीच गोष्ट आहे आणि ती मला चाळिशी उलटल्यावर कळली.

आमच्या ओळखीतल्या वैद्यबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या आयुर्वेदात हे आधीपासून वेगवेगळंच आहे, उकळून आटवला तो काढा, गरम पाण्यात टाकून गाळला तो फांट, रात्रभर गार पाण्यात भिजवला तो हिम. आणि काढ्याचं प्रमाण ऐकून मी गारच पडलो, एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे दहा ग्रॅमला एकशे साठ मिली पाणी आणि शेवटी उरणार फक्त वीस मिली, म्हणजे दोन घोट. ते औषध आहे, नेमकं कुणाला, कशासाठी, किती दिवस ते ठरवून दिलेलं. आपण त्याच नावाखाली मगभर पितो आणि वर बिस्किट खातो.

लॉकडाऊन आठवला. २०२० साली आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण दिलं होतं, तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक, आणि ते फक्त तीन ग्रॅम, दीडशे मिली उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आमच्याकडे ते व्हॉट्सॲपवरून येता येता मूठ मूठ झालं होतं आणि दिवसातून चारदा. जून उजाडेपर्यंत घरात सगळ्यांची तोंडं आली होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो होतो, दालचिनी आणि ज्येष्ठमध आणायला. दुकानदार काका निवांत माणूस. त्यांनी दोन दालचिन्या समोर ठेवल्या. एक आपल्या घरातली नेहमीची, जाड, लाकडासारखी, दोन्हीकडून आत वळलेली एकच साल. ही खरं तर कॅशिया, चीन व्हिएतनाम इंडोनेशियाकडून येते. दुसरी सिलोनची, विडीसारखी, आत कागदासारखे पातळ थर एकात एक, बोटांनी दाबली की चुरा होतो. किंमत विचारल्यावर मी जाडी परत हातात घेतली, तेव्हा काका म्हणाले भाजीत घालायला तीच घ्या, पण रोज उकळून प्यायची असेल तर ही घ्या. घरी येऊन वाचलं, कॅशियात कूमरिन बरंच असतं, जास्त दिवस जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काही जणांच्या लिव्हरला त्रास होऊ शकतो, युरोपातल्या अन्नसुरक्षेवाल्यांनी दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. सिलोनमध्ये ते नावापुरतं. काका बरोबर होते.

कुडाळचा मावसभाऊ म्हणतो विकत कशाला आणलीस, माडाच्या बागेत आमच्याकडे झाडं आहेत, पाठवतो. पाठवेल तेव्हा खरं.

ज्येष्ठमध शंभर ग्रॅम आणलं. दादांना साखर बंद आहे आणि त्यांना गोड लागल्याशिवाय चहा चहा वाटत नाही, तर त्यांच्या कपासाठी ज्येष्ठमधाची एक काडी ठेचून उकळायची. आज दिली. एकदम खूश. म्हणाले हा रोज कर. मला पण बरं वाटलं की कुंडीत ओतला नाही.

१ डिसेंबर, रविवार

सुंठ घरी करायची खुमखुमी आली. बाजारात सातारी आलं नवीन यायला लागलंय, एक किलो आणलं. धुतलं, चमच्याच्या कडेने साल खरवडली (सुरीने काढायची नाही, वासाचं तेल सालीच्या अगदी लगेच खाली असतं, जाड साल काढली की तेच फेकून देतो), जाड चकत्या केल्या आणि गच्चीत साडीवर पसरल्या. वर मच्छरदाणीचा तुकडा.

५ डिसेंबर, गुरुवार

सगळं फेकलं. तीन दिवस ढगाळ, ऊन नावाला, आणि चकत्या अर्ध्या सेंटीमीटरच्या. बाहेरून सुकल्यासारख्या दिसत होत्या म्हणून मी बरणीत भरायला घेतल्या, एक मोडून बघितली तर आत ओली, आणि खालच्या थरातल्यांवर पांढरी हिरवी लव. आई म्हणाली वरचं खरवडून घे, वाया कशाला घालवतोस. नाही घेतलं. बुरशी वरून दिसते तेवढीच असते असं नाही, आणि हे आपण पिणार आहोत. किलोभर आलं कंपोस्टच्या डब्यात गेलं.

८ डिसेंबर, रविवार

काल चंपाषष्ठी, भरीत रोडगा खाऊन आज सगळे सुस्त. ऊन कडक आहे. अर्धा किलो आलं, यावेळी बटाट्याच्या वेफर्सच्या किसणीवर पातळ चकत्या, सुती कापडावर एकेक सुटी, संध्याकाळी घरात आणायची म्हणजे दव लागत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

जमलं! चकती वाकत नाही, कटकन मोडते. वजन केलं, पाचशेचे शंभरला दोन कमी, ९८ ग्रॅम. आल्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं म्हणतात ते हे. खलबत्त्यात कुटून कपात चिमूटभर टाकली आणि पहिल्याच घोटाला कान गरम झाले. आल्यातला तिखटपणा जिंजेरॉलचा, ते वाळताना त्यातलं काही शोगाओलमध्ये बदलतं आणि ते जिंजेरॉलपेक्षा जास्त तिखट असतं, म्हणून आलं आणि सुंठ एकाच वजनाने एकमेकांच्या जागी टाकायची नाही. पाच कपांना बारा ग्रॅम आलं लागतं, सुंठ दोन ग्रॅम पुरते. आपल्याकडे बाळंतिणीला सुंठ देतात, आलं नाही, ते काही उगाच नसणार.

१४ डिसेंबर, शनिवार

आज लिहायला नको वाटतंय पण लिहितो.

दादा दर तीन महिन्यांनी बीपी दाखवायला जातात, आज मी बरोबर होतो. नेहमी १३०, १३५ असतं, आज १५८. दहा मिनिटं बसवून परत घेतलं, १५४. डॉक्टरांनी गोळ्या नीट घेता का, मीठ वाढलं का, लोणचं, पापड सगळं विचारलं. दादा म्हणाले काही नाही, उलट चहा कमी केलाय, हा मला औषधी चहा देतो. डॉक्टर पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागले. काय काय घालता त्यात? मी यादी म्हणत गेलो आणि ज्येष्ठमधावर त्यांनी थांबवलं. किती, रोज? एक काडी, दिवसातून दोनदा, तीन आठवडे.

त्यांनी सांगितलं ते असं, ज्येष्ठमधाचा गोडवा ज्याच्यामुळे असतो त्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर जातं, बीपी वाढू शकतं, पायाला सूज येऊ शकते, आणि दादांच्या गोळीत लघवीचं औषध पण आहे ज्याने पोटॅशियम आधीच कमी होतं. त्यामुळेच वाढलं असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही, पण आजपासून बंद, पोटॅशियम तपासा, पंधरा दिवसांनी या.

परत येताना रिक्षात दादा म्हणाले जाऊ दे रे, चव चांगली होती. मला काय बोलावं कळेना. दुकानातल्या काकांना मी दालचिनीबद्दल अर्धा तास पिडलं होतं आणि ज्येष्ठमधाबद्दल एक शब्द विचारला नव्हता, कारण ते लहानपणापासून घशाला चघळतोय, त्यात काय विचारायचं असं वाटलं. घशाला दोन दिवस चघळणं वेगळं आणि सत्तरीच्या बीपीवाल्या माणसाला रोज दोनदा उकळून पाजणं वेगळं. बरणी वरच्या फळीवर ठेवली, मग परत काढून बायकोच्या हातात दिली, म्हटलं तूच कुठेतरी ठेव.

२९ डिसेंबर, रविवार

काल दादांचं १३६. पोटॅशियमचा रिपोर्ट किंचित कमी आला होता, आता ठीक. गोळी बदलली नाही. हुश्श.

त्यांच्या कपाचं आता असं की गोड नाहीच. बडीशेप अर्धा चमचा भाजून, भरड कुटून, झाकणाखाली. तिला स्वतःचाच गोडसर स्वाद असतो. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, आता पितात.

आणि हे सगळं झाल्यावर यादीवर परत बसलो. ओवा गेला, तो पोट दुखेल तेव्हा. हळद गेली, पाण्यात ती विरघळतच नाही, तळाशी गाळ आणि कपाला डाग, दुधात ठीक आहे. वेलदोडा खऱ्या चहाचा. पुदिना आणि गवती चहा एकमेकांना मारतात, त्यामुळे पुदिना उन्हाळ्यात. राहिले पाच.

५ जानेवारी २०२५, रविवार

सध्या रात्रीचं जे ठरलंय ते लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वर्षी शोधत बसायला नको. पाच जणांना ९०० मिली पाणी, बारा ग्रॅम आलं ठेचून (किसून नको, गढूळ होतं), सिलोन दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, पाच मिरी नुसत्या फोडून. हे मुळं, साली, बिया, म्हणजे कडक मंडळी, यांना मंद गॅसवर आठ मिनिटं झाकण ठेवून उकळू द्यायचं, याशिवाय ते काही देत नाहीत. मग गॅस बंद. खळखळ थांबली की गवती चहाच्या सहा पाती गाठ मारून आणि सकाळी तोडून ठेवलेली तुळशीची दहा पानं हाताने फाडून, ताटली झाकायची, ताटलीवर वजन म्हणून बत्ता ठेवायचा, सात मिनिटं टायमर. उघडताना ताटलीला लागलेलं पाणी परत पातेल्यातच पडू द्यायचं, सगळ्यात जास्त वास त्याच थेंबांत असतो, विश्वास नसेल तर बोटाने चाखून बघा. गाळून लगेच कपात, दादांचा आधी बडीशेपेवर. पातेल्यात पानं तशीच ठेवून तासाभराने प्यायलं तर कडू होतं, थर्मासमध्ये पानांसकट भरून तर अजिबात नेऊ नये, वणीला जाताना नेलं होतं, गडावर पोचेपर्यंत कडुनिंब झाला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईला तीळगुळाबरोबर दुधाचं हवं होतं, सुंठ गूळ घालून. मी शहाणपणा करून सुंठेऐवजी ताजं आलं किसून थेट कोमट दुधात घातलं आणि वर गूळ. दोन मिनिटांत पनीर. पाहुणे हॉलमध्ये बसलेले.

आई म्हणाली सरक, आणि दुसरं दूध चढवलं. पातेल्यात अर्धी वाटी पाणी, त्यात सुंठ, चांगली उकळी, मग दूध, परत उकळी, गॅस बंद, जरा निवल्यावर गूळ. झालं. मी विचारलं तुला कसं माहीत, तर म्हणाली दूध फाटल्यावर आपोआप कळतं. नंतर वाचलं तर कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, पाण्यात उकळलं की ते मरतं, आणि गुळातली आंबट खारट द्रव्यं उकळत्या दुधाला फाडतात. फाटलेल्या दुधाचं लेकीने साखर घालून खाल्लं, म्हणाली हे तुमच्या चहापेक्षा बरं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

कुडाळहून पार्सल आलं शेवटी! दालचिनी आहे, सिलोनइतकी पातळ सोललेली नाही पण वास जबरदस्त, आणि बरोबर चार वाळलेली पानं पाठवलीत. सालीला दालचिनीचा वास आणि पानाला चक्क लवंगेचा, एकाच झाडाला. परत तेच युजेनॉल. तुळस तोडायची नसते त्या रविवारी आता यातलं अर्धं पान झाकणाखाली टाकतो. आईला सांगितलं, खूश झाली.

हिशोब : माझे चहा सरासरी अडीच. अर्धा म्हणजे बायकोच्या कपातला. सर्दी यंदा पण झाली, डिसेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा, नेहमीसारखीच आठवडाभर राहिली. चहाने सर्दी आली नाही वगैरे मी म्हणणार नाही. वाफ नाकात गेली की बरं वाटतं, गरम प्यायलं की घसा शेकतो, ॲसिडिटीची गोळी महिन्याभरात फक्त एकदा घेतली. एवढंच आहे आणि एवढं मला पुरे आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, आमच्या गच्चीवरून ती आधीच गेलीय, दुपारी चप्पल घातल्याशिवाय पाय ठेववत नाही. मिरी आणि सुंठ आता बंद, दादा म्हणाले पोटात गरम पडतं. रात्री नुसता गवती चहा आणि बडीशेप.

सुंठ ४० ग्रॅम उरलीय, काचेच्या बाटलीत, वर तारीख लिहून. गवती चहाचा ठोंब खोक्यात मावेना म्हणून आज उपटला, मुळांसकट फुटवे वेगळे करून चार भाग केले, पानं वीतभर ठेवून छाटली. दोन आपल्याला, एक बहिणीला, एक समोरच्या काकूंना. काकूंनी लगेच बदल्यात कढीपत्त्याचं रोप आणून दिलं, आता ते कुठे ठेवायचं, कारण गच्चीत जी एक जागा रिकामी होती तिथे आईने आजच दुसरं वृंदावन ठेवलंय, चहाच्या तुळशी त्यात लावल्यात, आणि सकाळी त्यांना हळदकुंकू वाहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.